कुंपणापलीकडचा यजमान

दुर्बिणीच्या भिंगावरचं रबरी झाकण दोरीला लोंबत होतं, वाऱ्यानं हेलकावे खात त्या अनोळखी माणसाच्या सदऱ्याच्या गुंडीवर टकटक आपटत होतं, आणि तिला वाटत होतं, आता हा ते धरील, आता धरील... पण त्याचं लक्षच नव्हतं. तो टेकडीखालच्या माळाकडे पाहत होता. तिथं दूरवर तारेचं दुहेरी कुंपण, त्यापलीकडे राखाडी शेडची रांग, एक लांबलचक धावपट्टी — आणि बाकी काही नाही. त्या काही-नाहीकडे चार-पाच माणसं घडीच्या खुर्च्या टाकून, टोप्या घालून टक लावून बसलेली.

आणि त्यांच्यात तिचे बाबा, पायांवर शाल घेऊन, लग्नाला आल्यासारखे ताठ.

डॉक्टर म्हणाले होते, आजारातून उठलेत, जरा मोकळ्या हवेत फिरवून आणा. म्हणून ती त्यांना तलावाकडे घेऊन निघाली होती. वळणावर बाबा म्हणाले, "इकडून घे." एवढंच. आजवर त्यांनी या रस्त्याचं नाव काढलं नव्हतं. तिनं गाडी वळवली... त्यांनी आपण होऊन काही मागण्याचे प्रसंगच इतके थोडे, की मागितलेलं द्यायच्या नादात कारण विचारायचं राहून जायचं.

"मला मास्तर म्हणतात," झाकणवाला वळून म्हणाला. "शाळेत भूगोल शिकवायचो. आणि हा ढगोबा. याचं केस कापायचं दुकान आहे. जन्मभर फोटो काढतोय, आलं काय? ढग!"

ढगोबा मनापासून हसला. खुर्ची त्यानंच बाबांना दिली होती, आणि स्वतः एका दगडावर बसला होता.

"पण तुम्ही बघता काय?" तिनं विचारलं.

"जे नाही ते," मास्तर म्हणाले. "सरकार म्हणतं, इथं कुठलं विमान नाही की काही नाही. आम्ही म्हटलं, बरं, नाही तर नाही. आम्ही आपले नाही तेच बघत बसतो." मग बाबांकडे वळून, चहाचा पेला पुढे करत, "काका, तुम्ही कुठं होता नोकरीला?"

"सरकारी," बाबा म्हणाले.

"कुठल्या खात्यात?"

"होतो एका खात्यात."

तोच स्वर. शाळेत बाई विचारायच्या, वडील काय करतात गं, तेव्हा ती याच स्वरात 'सरकारी नोकरी' म्हणायची, आणि मागच्या बाकावरून कोणीतरी हळूच म्हणायचं, झाडू मारत असतील. पहाटे दाराशी गाडी यायची, खिडक्यांना पडदे लावलेली, आणि याच माळाच्या दिशेनं जायची. बाबा जायचे ते कधी संध्याकाळी यायचे, कधी चार दिवसांनी. आई ताट झाकून ठेवायची आणि म्हणायची, "येतील तेव्हा येतील." शपथ घेतली होती म्हणे. बायकोलासुद्धा सांगायचं नाही, अशी. आईनं कधी विचारलं नाही. आणि न विचारताच ती गेली. याचा राग आईला नव्हता, तो आईच्या वाटचाही लेकच धरून बसली... मोठी झाल्यावर तिला नकाशे काढायच्या कचेरीत नोकरी लागली, आणि योगायोगानं एकदा हाच माळ तिच्या टेबलावर आला. वरिष्ठ म्हणाले, इथं काही दाखवायचं नाही, गवत काढा. तिनं बारीक निबानं गवत काढलं. एकेक काडी नीट, सुबक. बाप बहुधा त्याच जागी बसून डबा खात होता, आणि लेक त्याच्या डोक्यावर गवत काढत होती. त्या दिवशी तिला खूप हसू आलं होतं, आणि घरी येऊन ती जेवली नव्हती.

"तरी एक गोष्ट याला साधली," मास्तर सांगत होते. "दाखव रे यांना तो यजमान."

ढगोबानं पिशवीतून एक मोठा केलेला फोटो काढला. पांढरट, धुरकट. शेडचं उघडं दार, आणि दारात एक माणूस. चेहरा म्हणावा तर तांदळाच्या दाण्याएवढा पांढरा ठिपका.

"विमान कसं आहे ते आम्हाला कधी धड दिसलं नाही," मास्तर म्हणाले. "एक काळी रेघ यायची आणि जायची. पण हा माणूस दिसायचा. विमान बाहेर पडलं की हा दाराशी यायचा. पाहुण्यांना पोचवायला घरमालक येतो ना, तसा. म्हणून यजमान. बाकीचे आत निघून जायचे, हा मात्र पार दिसेनासं होईपर्यंत उभा. आणि गंमत बघा, ताई, कसा उभा आहे तो."

तिनं पाहिलं. तो माणूस चवड्यांवर उभा होता. टाचा उचलून, हात मागे बांधून, मान उंच करून — वीतभर उंच झाल्यानं आणखी थोडं लांबचं दिसेल, अशा आशेनं.

तिच्या कानांत एकदम फलाटावरचा गलका भरला. शिकायला ती परगावी निघाली होती, गाडी हलली होती, आणि एवढे थोराड बाबा गर्दीत टाचा उचलून उभे होते, हात मागे बांधून. शेजारच्या मुली फिदीफिदी हसल्या, आणि तिनं लाजून तोंड आत घेतलं होतं. हात हलवत नाहीत, काही म्हणत नाहीत, नुसते असे काय उभे राहतात हे... असं तिला तेव्हा वाटलं होतं.

"आता दिसत नाही तो," ढगोबा म्हणाला. "बरीच वर्षं झाली. आम्ही समजलो, गेला बिचारा. इथंच बसून त्याच्या नावानं चहा घेतला सगळ्यांनी."

"कशाला उगाच," बाबा म्हणाले. आणि खोकले.

फोटो आता त्यांच्या हातात होता. त्यांनी तो लांब धरला, जवळ धरला. "उजेड चांगला मिळाला तुम्हाला," एवढंच बोलून त्यांनी तो परत तिच्याकडे दिला, आणि देताना तिच्याकडे पाहिलं. त्या पाहण्यात धाक नव्हता. लहान मूल खोडी सापडल्यावर पाहतं, तसं काहीतरी होतं... शब्द तिच्या ओठांवर आले होते. हेच ते. दोनच शब्द, आणि ही माणसं उठून उभी राहिली असती, त्यांच्या आयुष्यभराच्या उन्हाचं चीज झालं असतं, आणि बाबांनी आईपासूनसुद्धा जपलेलं ते... तिनं चहाचा घोट घेतला.

"हा मला मिळेल?" तिनं विचारलं. फोटो तिनं छातीशी धरला होता.

मास्तरांनी तिच्याकडे पाहिलं. मग खुर्चीतल्या म्हाताऱ्याकडे, त्याच्या पाठीकडे, शालीखालच्या पायांकडे. ढगोबानं तोंड उघडलं तसा मास्तरांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"घ्या, ताई. आमच्याकडे आणखी प्रती आहेत," ते म्हणाले, आणि पुन्हा दुर्बीण डोळ्यांना लावून माळाकडे वळले. सगळा जन्म चौकशा करण्यात घालवलेल्या त्या माणसानं एक अक्षर विचारलं नाही. निघताना मात्र बाबांना उठवायला मास्तरच पुढे आले, आणि बाबांचा हात त्यांनी जरुरीपेक्षा थोडा जास्त वेळ हातात ठेवला. "येत जा, काका," म्हणाले. "खुर्ची आहेच."

उताराच्या रस्त्यावर बाबांना डुलकी लागली. ती गाडी हळू चालवत होती. ते लोक तिथं बसले होते, एका रेघेपायी, कोणी बोलावलं नसताना, उन्हातान्हात. आणि आपण घरात रुसून बसलो होतो त्या सगळ्या दिवसांत, कोणीतरी बाबांना पाहत होतं. कौतुकानं पाहत होतं. यजमान गेला समजून हळहळतसुद्धा होतं. यांचे आभार कसे मानायचे, आणि कशाबद्दल म्हणून सांगायचं?... की बाबा आधी त्या उडत्या लोखंडासाठी टाचा उचलायला शिकले आणि मग माझ्यासाठी, की आधी माझ्यासाठी? दुसऱ्या एखाद्या दिवशी हा प्रश्न काट्यासारखा सलला असता. आता ती तो उलटापालटा करून पाहत राहिली, आणि तो टोचेना. कुठलंही उत्तर आलं असतं तरी तिला चाललं असतं.

बाबांची मान कलली होती. तिनं गाडी कडेला घेतली, मागची उशी काढून त्यांच्या मानेखाली सरकवली, आणि लगेच निघावंसं न वाटून तशीच बसून राहिली.