प्रश्न क्रमांक अकरा

आकडेबाईंनी तेवीस वर्षांत कुणाचं वाईट चिंतलं नव्हतं. वेळच मिळाला नव्हता. संशोधन संस्थेच्या मागच्या खोलीत बसून लोकांनी भरलेले फॉर्म संगणकात उतरवायचे, हे त्यांचं काम. कोण किती झोपतं, कोण किती वेळा दात घासतं, कोणाला कशाची भीती वाटते, सगळं त्यांच्या बोटांखालून गेलेलं. त्यामुळे सूड घ्यायची पाळी आली, तेव्हा तोही पद्धतशीर घ्यायचा, असं त्यांनी ठरवलं.

सूड घ्यायचा होता संचालकांवर. संचालकांनी यंदा एक मापनपट्टी तयार केली होती. प्रेमात पडलेली शाळकरी मुलं एकमेकांना किती त्रास देतात, ते त्या पट्टीनं मोजायचं. वीस प्रश्न. ढकललं का, ओरडलात का, धमकी दिली का, मनगट पिरगळलं का. केलं असेल तर एक गुण, नसेल तर शून्य. "विज्ञानात भावनेला जागा नाही," असं संचालक म्हणत आणि म्हणताना छातीवर हात ठेवत.

या पट्टीची चाचणी ज्या शाळेत चालली होती, तिथेच बाईंची भाची अकरावीत होती. घरात तिला टिचकी म्हणत. उंचीही तेवढीच आणि लागायचीही तशीच. शाळेच्या बास्केटबॉल संघाच्या कॅप्टनशी तिचं चार महिने जमलं होतं. एके दिवशी प्रयोगशाळेच्या जिन्यात त्यानं तिचा फोन बघायला मागितला. तिनं दिला नाही. त्यानं तिचं मनगट धरून पिरगळलं. ती ओरडली, "सोड, नाहीतर बघ!" आणि दुसऱ्या हातानं तिनं त्याला ढकललं. त्याचं कोपर कठड्यावर आपटलं. तिच्या हाताला प्लॅस्टर घालावं लागलं.

मुख्याध्यापिका गोंधळल्या, पण आयते तज्ज्ञ शाळेतच होते. संचालकांनी दोघांना फॉर्म दिले. दोघांनी खरं तेच भरलं. कॅप्टनला पिरगळण्याचा एक गुण. टिचकीला ओरडण्याचा, धमकीचा आणि ढकलण्याचा मिळून तीन.

"मुलगी अधिक हिंसक," असं संचालकांनी सहीनिशी लिहून दिलं. ठरलं असं, की सोमवारी टिचकीनं लेखी माफी वर्गासमोर वाचायची, नाहीतर शाळेतून नाव कमी.

बाई संचालकांच्या खोलीत गेल्या. भाचीचं नातं त्यांनी सांगितलं नाही.

"सर, त्या मुलीनं हात सोडवायला ढकललं होतं."

"बाई, फॉर्ममध्ये कारणाला रकाना आहे का?"

"नाही."

"मग? तुम्ही आकडे भरा. विचार करायला मी आहे."

बाई परत येऊन आकडे भरू लागल्या. तो 'मग' मात्र माशाच्या काट्यासारखा घशात अडकून बसला.

रविवारी टिचकी डाव्या हातानं माफी लिहीत होती. "मावशी, 'दिलगीर' म्हणजे किती वाईट वाटायला हवं गं?"

"तुला किती वाटतंय?"

"कठड्याबद्दल थोडं वाटतंय."

बाई उठल्या. न्हाणीघरात जाऊन त्यांनी ओला टॉवेल पिळला. चार दिवस रोज पिळत होत्या. टॉवेल आता बिचारा कोरडाच व्हायचा.

सोमवारी मुख्याध्यापिकांच्या खोलीत सगळे जमले. कॅप्टन आणि त्याचे वडील, टिचकी आणि तिची आई, मध्ये संचालक. फॉर्मांचं खोकं उचलून आणायला आकडेबाई होत्याच.

"सर," बाई म्हणाल्या, "माफीआधी एक शंका. प्रश्न क्रमांक अकरा मुलांना कळत नाही. पिरगळणं म्हणजे नुसतं धरणं, की फिरवणं? पंधरा जणांनी समासात प्रश्नचिन्ह काढलंय." हे अगदी खरं होतं.

"पुस्तिका वाचत चला, बाई. पान सात. शब्द कळला नाही, तर कृती करून दाखवावी."

"कुणावर?"

संचालकांनी मुख्याध्यापिकांकडे पाहून उदार हसत आपला हात पुढे केला.

तेवीस वर्षं फायलींना भोकं पाडून कमावलेली मूठ त्या मनगटावर बसली आणि फिरली.

"आई गं! सोडा! सोडा म्हणतो ना!" संचालक ओरडले. बाईंनी अजून थोडं फिरवलं. शास्त्रापुरतं एवढं लागत नव्हतं; पण बाईंना लागत होतं. "नोकरी घालवीन तुमची!" म्हणत संचालकांनी दुसऱ्या हातानं त्यांना असं ढकललं, की त्या कपाटावर जाऊन आदळल्या.

बाईंनी पदर सारखा केला आणि पेन्सिल काढली. "पिरगळणं, मी एक. ओरडणं, धमकी, ढकलणं, सर तीन. सर अधिक हिंसक."

"अहो, तुम्ही धरला होता हात! मी सोडवून घेत होतो!"

"त्याला रकाना नाही, सर."

कॅप्टनच्या वडिलांना खोकला आला. मुख्याध्यापिका हसल्या नाहीत. त्या कॅप्टनकडे वळल्या.

"ती सोड म्हणाली, तेव्हा सोडलंस?"

"नाही."

"मग कधी सोडलंस?"

मुलगा प्लॅस्टरकडे बघत राहिला. "आवाज आल्यावर."

"तिच्या ओरडण्याचा?"

"नाही. हाडाचा."

खोलीतला खोकला थांबला. मुख्याध्यापिकांनी टिचकीच्या हातातला कागद काढून घेतला, उलटला आणि कोरी बाजू कॅप्टनपुढे सरकवली. "तू लिही. वडिलांनाही इथेच बसू दे."

"या बाईंनी माझी लेखी माफी मागितली पाहिजे," संचालक मनगट चोळत म्हणाले.

"गुणांप्रमाणे तुम्ही मागायला हवी," मुख्याध्यापिका म्हणाल्या. "अकरावीचा वर्ग भरलेला आहे. चला, वाचून दाखवा. नाहीतर तो निष्कर्ष मागे घ्या."

संचालकांनी निष्कर्ष मागे घेतला. उजवा हात चालेना, म्हणून डाव्यानं. अक्षर पहिलीतल्या पोरासारखं आलं. बाई शेजारी उभ्या राहून वाचत होत्या. "चुकीचा" हा शब्द त्यांनी दोनदा लिहायला लावला, कारण पहिला नीट लागत नव्हता. मग तारीख घालायला लावली.

"झालं तुमचं समाधान?" संचालकांनी विचारलं.

"नाही," बाई म्हणाल्या आणि त्यांनी खोकं टेबलावर त्यांच्यापुढे ठेवलं. "अजून दोनशे बारा फॉर्म आहेत. आणखी किती जणींना तीन दिलेत, ते आता बघू. डाव्या हातानं चालेल."