दोघांपुरता बाक

मी एक लाकडी बाक आहे. दोघांपुरता. मनाच्या आजारांवर फुकट उपचार करणाऱ्या एका लहानशा दवाखान्यात, खिडकीजवळ असतो.

मला करवून घेतलं ते समुपदेशक ताईंनी. सुताराला त्या म्हणाल्या होत्या, "खुर्च्या समोरासमोर नकोत. समोर बसलं की माणूस बिचकतो, शेजारी बसलं की बोलतो."

"मग आमच्या घरीही असाच एक करून नेतो," सुतार थट्टेने म्हणाला. पण माझ्या कडा त्याने मन लावून घासल्या. भला माणूस.

ताई पेशंटच्या शेजारी बसायच्या. दोघं खिडकीबाहेर बघत राहायचे. कुणी रडायचं, कुणी नुसतं माझी कड नखाने खरवडत बसायचं. ताई घाई करायच्या नाहीत. मला फार बरं वाटायचं तेव्हा.

मग वरच्या ऑफिसातून कागद यायला लागले. भेटीचा वेगळा, औषधाचा वेगळा, पेशंट किती सुधारला त्याचा वेगळा. तेच पुन्हा कॉम्प्युटरवर. वेळेत गेले नाहीत तर औषधं बंद. कपाट भरलं, आणि एक दिवस ताईंनीच एक गठ्ठा माझ्यावर ठेवला. "जरा वेळ," म्हणाल्या. ठेवला तो त्यांच्या स्वतःच्या जागेवर. त्या टेबलामागे गेल्या, त्या गेल्याच.

बस चालवणारे एक काका यायचे. त्यांच्या बसखाली एक माणूस गेला होता. चूक काकांची नव्हती, पण तेव्हापासून स्टिअरिंग धरवत नव्हतं. ताई शेजारी होत्या तोवर दर खेपेला एखादं वाक्य बोलायचे. आता गठ्ठ्याशेजारी बसून एकदा म्हणाले, "ताई, तो पडला ना, तेव्हा त्यानं माझ्याकडे…"

"एक मिनिट काका. भीती किती वाटते? दहापैकी?"

काका थांबले. "पाच लिहा."

"अंदाजे नको हो, वरून परत येतं."

"बरं, मग सहा लिहा."

दोघंही हसले. काका मात्र माझी कड नखाने खरवडत होते. ते मला कळत होतं, ताईंना टेबलामागून दिसलं नाही.

पुढच्या खेपेला त्यांच्याही जागेवर गठ्ठे होते. काकांनी उभ्यानेच सही केली, औषध घेतलं. पुन्हा आले नाहीत.

काल त्यांची बायको आली. "ताई, ते घरात कुणाशी बोलत नाहीत हो. तुम्ही येऊन जाल का? तुमचंच ऐकतील."

ताई लगबगीने उठल्या, माझ्यावरचा गठ्ठा उचलला. मला वाटलं, आता म्हणतील, बसा काकू. त्यांनी त्यातून एक कागद काढला आणि गठ्ठा परत ठेवला.

"घरी यायला मंजुरी लागते. एवढं भरून द्या. उपचार का सोडले, ते थोडक्यात लिहा."

काकू पेन धरून उभ्या राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "तुम्ही शेजारून उठून गेलात, एवढंच ते बोलले होते. तेच लिहू का?"



ताई, तुमच्या डोक्यावरचं ओझं मला दिसतं. पण ते ठेवायला तुम्हाला मीच सापडलो, हे मनातून जात नाही. एक बाजू तरी मोकळी करा, काकूंना बसू द्या.

आणि कागद पाठवणाऱ्या साहेबांनो, एकदा तुम्हीही येऊन जा. उभंच राहावं लागेल.