काठावरचा पांढरा तंबू

मासे भुलवायचा पितळी चमचा. शेपटाला लाल लोकर, खाली तीन तोंडांचा गळ.

कोठाराच्या माळ्यावरच्या तंबूच्या लाकडी जाळ्या. चार वाजेपर्यंत उभ्या राहायला हव्यात.

येणाऱ्यांच्या जेवणाला तपकिरी घोडी कापायची की काळी, यावर बायकांचा वाद.

शहराच्या रस्त्यावर उलटलेली निळी गाडी.

"सांगायचं नाही रे. सुचवायचं." गावातले म्हातारे ओराझान.

एवढं सगळं डोक्यात कोंबून तोलेगेन झायसान सरोवराच्या पाण्यावर वल्हं मारत होता. समोर त्याचा थोरला भाऊ कबिदोल्ला, आनंदात. शोर्तान माशासाठी तीन दिवस चमचे घासत बसला होता. बायको जाऊन सहा वर्षं झाली. घरात तो आणि मुलगा सेरिकबोल, दोघंच. त्यातला सेरिकबोल पहाटे गाडी उलटून गेला, आणि हे कबिदोल्लाला अजून माहीत नव्हतं.

बापाला असलं तोंडावर सांगत नाहीत. ससाण्याचं बोलायचं, पंखाचं बोलायचं. ऐकणारा आपोआप उमजतो. म्हाताऱ्यांनी ठरवलं होतं: त्याला पाण्यावर ने, मन तयार कर, चारला आण. तोवर अंगणात सुतकाचा तंबू उभा राहील, माणसं जमतील. मात्र तंबू बघून त्याला कळता कामा नये.

बोरूच्या बेटाकडेला चमचा पडला. दोन गिरक्या, आणि पाण्याखाली ओंडका उलटावा तसा हिसका. कबिदोल्लानं हातभर लांबीचा शोर्तान आत ओढला, मोगरीनं डोक्यात एक ठेवून दिली.

"जबडा बघ! तुझ्या सासूबाईंची आठवण झाली."

तोलेगेन हसला. हसू आलं याचीच त्याला भीती वाटली.

"डोकं सेरिकबोलला ठेवू. दुसऱ्याला हात लावू देत नाही तो."

आता. आत्ताच.

"आगा," तोलेगेन म्हणाला, "ससाणा कितीही उंच उडो, एक दिवस त्याचा पंख मोडतोच."

रीळ थांबलं. कबिदोल्लानं वळून त्याच्याकडे पाहिलं, बराच वेळ. उमजलं, तोलेगेनला वाटलं. सुटल्यासारखं झालं.

"म्हणजे तुझ्या छातीच्या फोटोचा निकाल आला."

"अं?"

"दवाखान्यात गेला होतास ना गेल्या आठवड्यात? तरीच सकाळपासून आजारी बोकडासारखं तोंड! अरे वेड्या, ससाणे कसले उडवतोस माझ्यासमोर? मी काय परका आहे?"

"आगा, माझं नाही हो, मी—"

"गप. एक शब्द बोलू नकोस." कबिदोल्लानं त्याला कवेत घेतलं, होडी एका अंगाला कलली. माशाचा वास, तंबाखूचा वास. "मी आहे ना. सेरिकबोल आहे. तो नेईल तुला शहरात, मोठ्या डॉक्टरकडे. आजच सांगतो त्याला."

तोलेगेननं तोंड उघडलं की हुंदका येई. हुंदका आला की थोरला पाठ थोपटी.

"चल घरी. वारं बाधेल तुला."

"नको! अजून एकदा टाका ना चमचा. दोनच वाजलेत."

"मासे कुठे पळून जात नाहीत." कबिदोल्लानं आपला कोट काढून त्याच्या खांद्यावर टाकला आणि इंजिनाची दोरी ओढली. एरवी ते पाच-सहा हिसक्यांशिवाय ऐकत नसे. आज पहिल्यालाच लागलं.

"आगा, थांबवा. ऐका माझं."

इंजिनाच्या आवाजात कबिदोल्लाला फक्त ओठ हलताना दिसले. त्यानं मायेनं मान डोलावली.

बेटाला वळसा घातला आणि काठ समोर आला. तंबू अर्धाच झाला होता. एका बाजूला पांढरा लोकरी नमदा चढलेला, दुसऱ्या बाजूला उघड्या जाळ्या. दाराशी पुरुष काठ्यांवर वाकून ओळीनं उभे. कुणी हात केला नाही.

कबिदोल्लानं इंजिन बंद केलं.

"तंबू आपल्याच अंगणात आहे," तो म्हणाला. मग तोलेगेनकडे बघून, हळू, "आणि तू तर इथे आहेस."

तोलेगेन कोट धरून बसला.

होडी आपोआप काठाकडे सरकत होती. कबिदोल्लानं गळाची काठी उचलली, काठाकडे पाठ केली आणि चमचा खोल पाण्याकडे भिरकावला. तो बुडू दिला. सावकाश रीळ फिरवू लागला.

पहाटे तोलेगेनचा फोन वाजला तेव्हा कबिदोल्ला पायरीवर बसून चमच्याला लाल लोकर बांधत होता. "कुणाचा?" त्यानं विचारलं, आणि तोलेगेननं सांगितलं होतं, चुकून लागला.