आधी भैरवी

आप्पांनी अट घातली तवाच मी म्हटलं, आता काय खरं न्हाई. आमचे आप्पा, म्हंजे माझे वडील तवनाप्पा, हळदीचे व्यापारी. पण कान पक्का मिरजेच्या मैफलींत तयार झालेला. रविवारी सकाळी सांगलीत आमचा कार्यक्रम होता. मी राग गाणार आणि उदयसिंह तोच राग सॅक्सोफोनवर जॅझच्या अंगानं फिरवणार. हा गडी साताऱ्याकडचा, फौजेच्या बँडातनं पेन्शन घेऊन आलेला. आप्पा म्हणाले, माणसं मधनंच उठून गेली, तर त्या पिपाणीवाल्याबरोबरचं गाणं कायमचं बंद. मला तर ह्या गाण्याचं याड लागलं होतं.

सुरुवातीला तो एकटाच वाजवणार होता. काय वाजवणार, विचारलं तर म्हणाला, बघच तू. पडदा उघडला आणि ह्या शहाण्यानं सुरू केली भैरवी!

आता भैरवी म्हंजे मैफलीचा शेवट. आमच्याकडं ती कानावर पडली, की माणसं पिशव्या गोळा करतात, चपला शोधतात. इथं बाहेर चहासुद्धा उकळला नव्हता, पण सवय ती सवय. रांगाच्या रांगा उठल्या. एकानं तर छान झालं म्हणून हात जोडले. आणि सगळ्यांच्या पुढं दाराकडं कोण? आमचे आप्पाच. मी विंगेतनं धावत आले आणि माइक धरला.

“आप्पा, बसा. अजून सुरुवात हाय.”

आप्पा थबकले, ओशाळले आणि परत येऊन बसले. मागोमाग सगळे हसत बसले. उदयसिंह मला हळूच म्हणतो कसा, फौजेत भारी तोफ आधी डागतात. त्याचं टाळकंच फोडणार होते. पण त्यानं भैरवीला असा काही हेलकावा दिला, की माझेच पाय थिरकायला लागले. मग तोडी झाली, सारंग झाला. मी तान घ्यावी, त्यानं ती उलटीपालटी करून परत माझ्याकडं फेकावी. म्हातारी माणसं मांडीवर ताल धरून डुलत होती. लय म्हंजे लयच मजा आली.

कार्यक्रम संपला, आम्ही नमस्कार केला, तरी कुणी उठेना. भैरवी तर आधीच होऊन गेलेली, मग उठायचं कशावर? आम्ही आणखी एक राग घेतला, मग आणखी एक. जेवणाची वेळ टळली, वॉचमन किल्ल्या वाजवत दारात येऊन उभा राहिला. माझा घसा बसला आणि हसू काही आवरेना.

शेवटी आप्पा उठून स्टेजजवळ आले. आता त्या अटीचं काढणार, म्हणून मी जीव मुठीत धरून उभी.

ते उदयसिंहला म्हणाले, “पाव्हणं, ती भैरवी परत एकदा घ्या, म्हंजे मंडळी जेवायला जातील. आन् फुडच्या कार्यक्रमाला शेवटीच घ्या.”