न ऐकलेली गोळी

साहेबांना कमी ऐकू येतं, हे फक्त वहिनींना आणि कानाच्या डॉक्टरांना ठाऊक होतं. साहेबांना स्वतःला ते मान्यच नव्हतं. "हल्ली लोक पुटपुटतात," एवढंच त्यांचं म्हणणं. एके काळी ज्यांनी नुसती कॉलर वर केली तरी थिएटर डोक्यावर घेतलं जायचं, त्या हिरोच्या कानात मशीन? छे! चार वर्षं वहिनी आपल्याच नवऱ्यासमोर भिंतीशी बोलल्यासारखं बोलत होत्या. फार एकटं वाटायचं त्यांना.

घरी बसून दहा वर्षं झाल्यावर एक भूमिका चालून आली, म्हाताऱ्या पहारेकऱ्याची. प्रसंग साधा होता. मागून गोळी सुटते, पहारेकरी दचकून वळतो आणि धूम ठोकतो. गोळी सुटली. कॅमेरामनसुद्धा दचकला. साहेब मात्र कोटाचं बटण लावत, रमतगमत चालत राहिले. सेटवर सोबत आलेल्या वहिनींनी कपाळावर हात मारून घेतला. तेवढ्यात दिग्दर्शक खुर्चीवर चढून ओरडला, "हेच! हेच ठेवायचं!"

सिनेमा लागला आणि साहेबांचं नशीब फळफळलं. मागे गाडीने हॉर्न दिला तरी पोरंटोरं बटण लावत तशीच चालू लागली. आजवर ढुंकून न पाहणारी नात म्हणाली, "आजोबा, कसले कूल आहात तुम्ही!" साहेबांची कळी खुलली. वहिनींनाही आनंद झाला, खोटं कशाला बोला. पण मशीनचा विषय आता कायमचा बुडाला, हेही त्यांना कळून चुकलं.

मग पत्रकारांना बोलावणं झालं. वहिनी नेहमीसारख्या शेजारी बसल्या. कुणी काही विचारलं की त्या साहेबांकडे वळून ओठांनी प्रश्न पोचवायच्या. एका मुलीने विचारलं, "गोळी सुटली तरी तुम्ही ढिम्म! कसं जमवलंत हे?"

वहिनींनी प्रश्न पोचवला. साहेबांना कळला नाही. वहिनींनी पुन्हा पोचवला, मग तिसऱ्यांदा. तिसऱ्यांदा त्यांचे ओठ थरथरले. या वेळी साहेबांना प्रश्न कळला. ते वहिनींकडे बघतच राहिले आणि मग माइक ओढून म्हणाले, "मला ती ऐकूच आली नाही."

हशा पिकला. टाळ्या पडल्या.

"अहो, खरंच सांगतोय. बहिरा झालोय मी!"

लोक हसून हसून लोळायचे बाकी राहिले. कुणीतरी शिट्टी मारली. मुलीने वहीत लिहून घेतलं, 'विनोदबुद्धी शाबूत.'

परतताना साहेब गाडीत हिरमुसून बसले होते. "कमाल आहे! इतका जीव तोडून सांगतोय, आणि एक माणूस ऐकून घ्यायला तयार नाही. वेड लागायची पाळी येते गं."

वहिनींना आधी हसू फुटलं, मग रडू, मग दोन्ही एकदम. त्यांनी साहेबांची हनुवटी धरून तोंड आपल्याकडे वळवलं.

"चार वर्षं, अहो," त्या हळूच म्हणाल्या. "चार वर्षं."

साहेबांना ते पुन्हा सांगावं लागलं नाही.