उजव्या बाजूची खुर्ची

सरांचं आत्मपरीक्षण सकाळच्या चहाबरोबर सुरू होई आणि चहा संपला तरी संपत नसे.

"कालही मी शाळेत शिपायावर ओरडलो. मुख्याध्यापक झालो, पण अहंकार काही सुटत नाही बघ माझा," असं खिडकीजवळच्या खुर्चीतून ते बायकोला सांगत. शेजारी बसून ती कपड्यांच्या घड्या घाली आणि सर थांबले की "हं" म्हणे. सर ढोंगी नव्हते, गैरसमज नको. आपले दोष सांगताना त्यांचे डोळे खरंच भरून येत. शिपायाची माफी मागायची तेवढी राहून जाई.

त्या रविवारी सरांची थोरली ताई मुक्कामाला होती. सर आज मोठ्या दोषापर्यंत पोचले होते.

"आयुष्यभर मी स्वतःचाच विचार केला गं. तुझं कधी ऐकूनच घेतलं नाही. मला माफ करशील?"

"हं," बायको म्हणाली आणि वाळलेले कपडे आणायला मागे निघून गेली.

"बघितलंस ताई? किती रागावलीय!"

"रागावली नाही रे. तुझ्या बाजूचा कान गेलाय तिचा."

"काय? कधी?"

"उन्हाळ्यात. सकाळी उठली तर डावा कान बंद! तुला सांगायला आली, तर म्हणालास, 'थांब, माझा विचार तुटेल.' पुन्हा सांगितलं तर म्हणालास, 'मळ असेल.' शेवटी मी आले तेव्हा नेलं डॉक्टरकडे. लगेच आणलं असतं तर कदाचित उपाय होता, म्हणाले. आता नाही."

"अरेरे! किती नीच मी! मला माझीच लाज..."

"झालं सुरू!" ताई कडाडली. "कान तिचा गेला आणि रडगाणं तुझं! आत डोकावतोस ते चांगलंच आहे रे. पण आत गेलेल्या माणसानं बाहेर यायला नको? तू तर तिथंच बिऱ्हाड थाटलंस!"

बायको परत आली तेव्हा त्यांनी खुर्ची उचलून तिच्या उजव्या बाजूला ठेवली.

"दुखतो का गं कान?"

ती चमकली. "नाही. आत नुसती शिट्टी वाजत असते."

'माझंच चुकलं' हे शब्द सरांच्या ओठांवर आले होते. त्यांनी ते गिळले. "आणखी सांग ना."

तिनं हातातला कपडा मांडीवर ठेवला. मग म्हणाली, "आता काय सांगू? सांगायची सवयच गेली हो."

वाचकहो, स्वतःचे दोष उगाळत बसणं हासुद्धा स्वतःभोवती फिरण्याचाच एक प्रकार आहे! आत जरूर पाहा. पण बाहेर येताना शेजारच्या माणसासाठी निदान एक प्रश्न घेऊन या, आणि वेळेवर या.

सर आता रोज उजव्या बाजूला बसतात आणि तिच्या बोलण्याची वाट पाहतात. ती घड्या घालते. अजून तरी ती काही बोललेली नाही.