टेकडीची सवत

नाक दाबू नका हो, आधी ऐकून तर घ्या! मी या घरामागची सेप्टिकची टाकी. झाकण घट्ट आहे, वास येणार नाही. बोलणं तेवढं जरा आंबट लागेल, कारण मी जळते आहे. कोणावर म्हणाल तर ती पलीकडे पिवळ्या फुलांची टेकडी दिसतेय ना, तिच्यावर. मिरवतेय बघा कशी!

माझा जन्म या घराबरोबरचाच. घरधनी गवंडी होता. माझ्या भिंती त्याने स्वतःच्या हाताने बांधल्या आणि त्याच्या नव्या नवरीने विटा भिजवून दिल्या. आलागेला माणूस आधी माझ्याजवळ आणला जायचा. "घर काय, कोणीही बांधतं. टाकी बघा टाकी," असं तो म्हणायचा आणि ती पदराआड हसायची. आता तो नाही. त्या नवरीला आज सगळे सासूबाई म्हणतात.

माझं काम ऐकायला सोपं आहे. घरातून येईल ते पोटात घ्यायचं, गाळ तळाशी बसू द्यायचा, माझ्यातल्या बारीक बारीक जिवांनी तो खायचा आणि वरचं निवळलेलं पाणी शेजारच्या शोषखड्ड्याला द्यायचं. पुढे जिरवायचं काम त्याचं. पण जमीन जिरवेल तर ना! हातभर मातीखाली सगळा कातळ. खड्डा कायम तुडुंब. न्हाणीघरात पाणी उलटं वर यायचं आणि उताराखालच्या शेजाऱ्यांच्या विहिरीकडे ओघळ जायचा. शेजारीणबाई कुंपणाशी उभ्या राहून जे काही बोलायच्या ते चारचौघांत सांगण्यासारखं नाही. आणि बोल कोणाला? टाकीला! खड्डा आपला नामानिराळा.

तशात सुनेच्या वडिलांचे पाय गेले. शिंपी माणूस, आयुष्यभर मशीन चालवलेलं, आणि आता धरल्याशिवाय उभंही राहता येईना. बायको आधीच गेलेली. त्यांना इथे आणायचं, खालच्या खोलीला लागून संडास काढायचा, असं सुनेच्या मनात होतं.

पाइपातून मला घरातलं सगळं ऐकू येतं. सासूबाईंचा मुलगा म्हणत होता, "बाबांना आणायला माझी ना आहे का? पण आहे तेच पाणी जिरत नाही, त्यात आणखी भर कुठे घालू?"

"मग काय, वृद्धाश्रमात ठेवू त्यांना?" सुनेचा आवाज रडवेला झाला होता.

"घर काही रबराचं नाही, ताणलं की लांबायला," सासूबाई मध्येच म्हणाल्या.

शेवटी सुनेने एका बाईंना बोलावलं. जिथे सगळ्यांनी हात टेकले अशा जागांसाठी सांडपाण्याचे आराखडे करायचे, हाच त्यांचा धंदा. घरात त्यांचं नाव पडलं मातीवाल्या बाई. त्यांनी परसात ठिकठिकाणी खड्डे घेतले. ओली माती बोटांत चुरून बघितली, अंगठ्याने दाबून तिची पट्टी वळते का ते बघितलं, हुंगलीसुद्धा. खड्ड्यांत पाणी ओतून ते किती सावकाश उतरतं ते बघत बसल्या. माझ्याकडे इतक्या मायेने कधी कोणी बघितलं नाही, सांगते तुम्हाला.

"खाली जागा नाही ना? मग आपण वर जाऊ," त्या म्हणाल्या. "वाळूची टेकडी करू. टाकीतलं पाणी पंपाने थोडं थोडं तिच्यात सोडायचं. वाळूतून झिरपत झिरपत मातीपर्यंत येईस्तोवर स्वच्छ होतं. विहिरीला धोका नाही आणि बाबाही येऊ शकतील."

"आणि टाकी?" सासूबाईंनी विचारलं.

"टाकी राहू दे की. भक्कम आहे."

झालं. एवढंच माझं कौतुक!

टेकडी उभी राहिली आणि घराला जणू दुसरी लेकच झाली. सुनेने तिच्यावर गवत पेरलं, पिवळी फुलं लावली. शेजारीणबाई, त्याच त्या कुंपणावरच्या, फोटो काढायला आल्या. "किती छान हो! वाटत तरी का हे सांडपाण्याचं आहे?" वाटणार कसं? सांडपाणी माझ्याकडे, फुलं तिच्याकडे! रात्रंदिवस सगळ्या घराची घाण मी सोसायची, आयतं निवळलेलं पाणी हिला द्यायचं आणि वाहवा हिची. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा.

मग व्याही आले. सूनबाई आधी त्यांचं पाणी तापवायची. मुलगा त्यांची दाढी करायचा. नात अभ्यासाला त्यांच्याच खाटेशी बसायची, कारण ते तिच्या बाहुलीला झगे शिवून द्यायचे. सासूबाई एकट्याच मोरीत भांडी घासता घासता पुटपुटायच्या, "मेलं माझ्याच घरात मी पाहुणी झाले." मला सगळं ऐकू यायचं. बाई गं, म्हटलं, तुझं नि माझं दुखणं एकच.

पण तिने काय करावं? व्याही संडासातून बाहेर आले की ही अ‍ॅसिडची बाटली घेऊन हजर. वरून फिनेल. रोज, दरवेळी. "आजारी माणूस आहे, घरात रोगराई नको," असं म्हणायची आणि घर म्हणायचं, आई किती स्वच्छ! इकडे माझ्यातले जीव पटापट मरत होते. गाळ कुजेना, तळाशी बसेना, तरंगत तरंगत पंपाकडे निघाला.

खोटं कशाला बोलू, मला उकळ्या फुटल्या! म्हटलं जाऊ दे तो गाळ टेकडीत. तुंबू दे मेलीला, सुकू देत तिची फुलं. मग बघू कोण येतंय फोटो काढायला!

एका संध्याकाळी मुलाचा आवाज आला. "टेकडीच्या कडेला ओल फुटलीये. विहिरीकडे गेली तर शेजारी गप्प बसणार नाहीत. हे टिकलं नाही तर बाबांचं दुसरीकडे बघावं लागेल." सून नळ सोडून रडत होती, तिचं रडणं पाण्याबरोबर माझ्यापर्यंत आलं. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. तुंबणार टेकडी आणि घराबाहेर जाणार शिंपी!

मातीवाल्या बाई धावत आल्या. माझं झाकण उघडून वाकल्या.

"वास मात्र अजिबात नाही हं," मुलगा खूश होऊन म्हणाला.

"तेच तर वाईट आहे. चालत्या टाकीला तिचा म्हणून एक वास असतो. अ‍ॅसिड कोण ओततं?"

सासूबाईंनी मान दुसरीकडे वळवली. तेवढ्यात खालच्या खोलीच्या खिडकीतून व्याही म्हणाले, "मीच सांगितलं होतं विहीणबाईंना. माझ्यापायी घराला वास नको म्हणून."

सासूबाई गर्रकन वळल्या. "काही सांगितलं नव्हतं त्यांनी! मीच ओतत होते. सगळ्यांनी त्यांना डोक्यावर घेतलंय, मला कोण विचारतं या घरात?" आणि मग एकदम खालच्या आवाजात, "आमच्या ह्यांच्या हातची टाकी. मीच मारली ना हो बाई?"

"मेली नाही अजून," मातीवाल्या बाई म्हणाल्या. "गाळ उपसून घ्या, तळाशी थोडा राहू द्या. अ‍ॅसिड बंद. टेकडीही सावरेल."

"आणि टाकीला काही औषध?" सासूबाईंनी विचारलं.

"वापरा तिला. घरातून जाईल तेच तिचं औषध."

सुनेने बाटली उचलून कचऱ्यात टाकली.

आता माझं बरं चाललंय. जीव पुन्हा तग धरताहेत, थोडा वासही यायला लागलाय. टेकडीची कड सुकली आणि तिची फुलं आणखीच फोफावली, काय करणार! मी जळते ती जळतेच. तुमच्याही घरामागे माझी एखादी बहीण असेल. तिच्यात अ‍ॅसिड ओतू नका हो, हात जोडते. आणि पाहुण्यांना बाग दाखवाल तेव्हा तिचं नाव निदान एकदा तरी घ्या.

परवा सकाळी मुलगा आणि सून कामाला गेली होती, नात शाळेत. खाटेची करकर ऐकू येत होती. व्याही कूस बदलत होते, हाक मारायला संकोचत होते. मग सासूबाईंची पावलं वाजली.

"व्याहीबुवा, आवाज द्यायला काय झालं?"

"नको विहीणबाई, येईल ती दुपारी. तुम्हाला कशाला..."

"दुपारपर्यंत कळ काढणार? उठा बघू. माझी टाकी तिकडे उपाशी आहे. चला, धरा माझा हात."